चार बोटांची फट

झोसिमाला कुणाच्या भिंतीजवळून सरळ चालत जाता येत नसे. पोद्बोर गावात ज्याच्या घरी जाईल त्याच्या भिंतीला आधी हात लावणार, दोन ओंडक्यांमधल्या सांध्यावरून अंगठा फिरवणार, आणि मग घरधन्याला "काय, बरं चाललंय ना?" म्हणणार. सांधा मनाजोगता नसला तर तोंडाने काही बोलायचा नाही, नुसतं नाकातून 'हं' करायचा. त्या 'हं'ला गावातले बाकीचे सुतार तपासणीला येणाऱ्या साहेबापेक्षा जास्त भ्यायचे. त्याची बायको आगाफ्या म्हणायची, "आमचं लग्न लागत होतं तेव्हा हा सारखा चर्चच्या भिंतीकडे बघत होता. मला वाटलं, किती श्रद्धाळू नवरा मिळाला! हा तिथे सांधे बघत होता."

माणूस बढाईखोर होता. पण त्याच्या बढाईत हवा नव्हती, माल होता, हे त्याच्या वैऱ्यांनीही कबूल केलं असतं. हिवाळा सरता सरता पाइन तोडायचा, साल काढायची, आणि घर आधी मोकळ्या जागेवर नुसतंच रचून बघायचं. वरच्या ओंडक्याच्या पोटाला लांबच लांब पन्हळ कोरायची, ती खालच्याच्या पाठीवर अशी बसली पाहिजे की मध्ये नखसुद्धा जाऊ नये. मग प्रत्येक ओंडक्यावर कुऱ्हाडीने खुणा करायच्या, सगळं उतरवायचं, आणि उन्हाळ्यात खऱ्या जागेवर पुन्हा चढवायचं, या खेपेला थराथरांत दलदलीतलं ओलं शेवाळ अंथरून. हे सगळे सुतार करतात. झोसिमा करायचा तेव्हा लोक कुंपणापाशी उभे राहून बघायचे, आणि लोक बघतायत हे झोसिमाला फार आवडायचं. त्याच्या आयुष्यातलं सगळं चांगलं आणि सगळं वाईट या एका आवडीतून आलं.

वाईटातलं सर्वांत वाईट सावेलीच्या वाट्याला गेलं.

सावेली त्याच्याच वयाचा, डावखुरा, हळू बोलणारा सुतार. दोघं लहानपणी एकाच नदीत डुंबलेले. तरुणपणी सावेलीने स्वतःचं घर बांधलं आणि गृहप्रवेशाला गाव जेवायला बोलावलं. बीअर झाली, माशाचे रोट झाले, आणि झोसिमाचा अंगठा भिंतीवरून फिरायला लागला. एका कोपऱ्यापाशी तो थांबला. त्याने 'हं' केलं नाही. जमिनीवरची राय धान्याच्या पेंढ्यातली एक लांब काडी उचलली, सगळ्यांना दिसेल अशी हवेत धरली आणि सांध्यात सारली. काडी आत गेली, गेली, आणि पार गेली. आत सावेलीची बायको फेक्ला ताटं मांडत होती. तिने काडीचं टोक धरून ओढलं आणि आतून ओरडली, "अगंबाई, भिंतीतून काय उगवतंय?"

अख्खं अंगण हसलं. माणसं पोट धरून खाली बसली. सावेली हातात बीअरचं भांडं घेऊन उभा होता आणि मानेपासून कपाळापर्यंत लाल झाला होता. त्या दिवसापासून तो 'काडीवाला'. पोरंसोरं म्हणायची, बायका म्हणायच्या, पुढेपुढे कुणी वाईट मनाने म्हणत नसे, नावच ते पडलं. सावेलीने दुसऱ्या घराचं काम घेतलंच नाही. सामूहिक शेतीच्या तबेल्यात घोड्यांची निगा राखायला लागला आणि तिथेच राहिला. फेक्ला वारली तेव्हा तिच्या दफनालाही कुणीतरी पाठीमागून कुजबुजलं, "काडीवाल्याची बायको." झोसिमाने ते ऐकलं होतं. ऐकून त्याला कसंसंच झालं होतं, पण कसंसं झालेलं विसरायला त्याच्याकडे कामं भरपूर होती.

आणि मग झोसिमाच्या लेकीने, उस्तीन्याने, सावेलीच्या मुलाशी, क्लिमशी लग्न केलं.

आगाफ्या खूश होती. "चांगला मुलगा आहे. बापासारखा शांत. या घरात एक तरी माणूस गप्प बसणारा येऊ दे." झोसिमाही तोंडाने काही म्हणाला नाही. पण सावेलीचं जुनं घर, काडीवालं, आता खालच्या थरांपासून कुजलं होतं, आणि पोटुशी उस्तीन्या तिथे हिवाळा काढणार म्हटल्यावर त्याने सांगून टाकलं, "माझ्या लेकीचं घर मी बांधणार. व्याह्यांना म्हणावं, त्यांनी घोडा तेवढा द्यावा."

सावेलीने घोडा दिला. स्वतःही आला, ओंडके ओढायला, शेवाळ आणायला, पडेल ते करायला. मदतीला गावातल्या बायका आल्या होत्या. त्यांची पुढारी मालान्या, जिची जीभ संध्याकाळच्या डासासारखी कधी थांबत नसे. त्या शेवाळ अंथरायच्या, झोसिमा भिंतीवर घोड्यावर बसल्यासारखा बसून वरून हुकूम सोडायचा.

"जाड घाला गं, जाड! सवतीच्या पोरीला भाकरीवर लोणी लावल्यासारखं काय लावताय?"

"तुझ्या अंगावर घालू का थोडं, झोसिमाकाका? तुझ्यातूनच वारा जास्त सुटतोय!"

हशा व्हायचा. सावेलीही खालून हसायचा, दोर धरून.

भिंती चढल्या. आता दाराची चौकट बसवायची होती. ओंडक्यांचं घर पहिली दोन वर्षं खाली बसतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लाकूड सुकतं, शेवाळ दबतं, भिंत इंचाइंचाने उतरते. म्हणून चौकटीच्या वर फट ठेवायची, त्यात पिंजलेला ताग भरायचा आणि पुढे नक्षीची पट्टी ठोकायची. झोसिमाने आयुष्यभर प्रत्येक दारावर चार बोटं फट ठेवली होती. त्या दिवशीही चारच ठेवायचं त्याच्या मनात होतं. चौकट त्याच मापाने कापायला त्याने करवत उचललीसुद्धा होती.

तेवढ्यात खालून सावेली म्हणाला, हळूच, नेहमीच्या आवाजात, "व्याही, शेवाळ ओलं आहे. चार बोटं ठेवशील ना?"

एवढंच. त्यात टोमणा नव्हता, शहाणपणा नव्हता. पण मालान्या तिथे होती, बाकीच्या बायका होत्या, क्लिम होता. काडीवाला झोसिमाला फट किती ठेवायची ते सांगतो, आणि झोसिमा तेवढीच ठेवतो, असं दिसलं असतं. झोसिमाने चौकटीवरची मापाची खूण पुसली.

"चार बोटं तुमच्यासारख्यांच्या भिंतींना लागतात," तो म्हणाला. "हा पाइन जंगलात उभ्या उभ्या वाळलाय. माझी भिंत केसभर हलायची नाही. एक बोट पुरे."

बायका हसल्या. मालान्या म्हणाली, "काडीवाल्या, तू आपला घोड्यालाच शिकव!" सावेली मान हलवून दोर गुंडाळायला गेला.

चौकट एका बोटाच्या फटीने बसली. फट नाहीच म्हणा ना. लोकांनी येऊन पाहिलं, वाहवा केली. आणि झोसिमा घरी जाऊन जेवायला बसला तो नुसतं ताट चिवडत. आगाफ्या म्हणाली, "मीठ जास्त झालं का?" तो म्हणाला, "नाही, ठीक आहे." त्याला तेव्हाच ठाऊक होतं. उद्या जाऊन चौकट काढावी, चार बोटांच्या मापाने कापावी, अर्ध्या दिवसाचं काम. पण उद्या तिथे क्लिम असणार, सावेली असणार, मालान्या कुंपणावरून वाकणार. तो उद्याही गेला नाही, परवाही नाही. मग उस्तीन्याला मुलगी झाली, ग्लाशा, घरात चूल पेटली, बर्फ पडला.

हिवाळाभर झोसिमा लेकीकडे जाई तो नातीला खेळवायला, असं सगळे समजत. तो नातीला मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसायचा. आधी पट्टीखालचा ताग दबून कडक झाला. मग दाराच्या वरच्या अंगाला, उजवीकडे, दोन ओंडके एकमेकांपासून सुटायला लागले, कारण वरचे आता चौकटीवर अडकले होते आणि खालचे उतरतच होते. उस्तीन्याने तिथे चिंधी कोंबली.

"बाबा, दार घासतंय."

"हवा दमट आहे."

"बाहेर थुंकी गोठते, बाबा. दमट कुठली?"

"मग पोरीची ओली दुपटी आत वाळवतेस ना, त्याची वाफ," झोसिमा म्हणाला, आणि रंधा मागवून दाराची कड थोडी तासून दिली. पोटच्या पोरीशी तो लाकडाबद्दल खोटं बोलला. आजवर त्याने कुणाकुणाला फसवलं असेल, पण लाकडाबद्दल खोटं तो पहिल्यांदाच बोलत होता. रंधा मारताना त्याचे कान तापले होते.

मग नदीच्या खालच्या अंगाच्या गावात एक न्हाणीघर बांधायचं काम आलं. झोसिमाने ते पटकन घेतलं. लांब जायला मिळतंय, दार बघायला लागणार नाही, याचाच त्याला आनंद. तो तिकडे असतानाच ते घडलं.

क्लिम जंगलात लाकूडतोडीच्या तळावर होता. कडाक्याची थंडी होती. उस्तीन्याने ऊब राहावी म्हणून चुलीत निखारे असतानाच चिमणीची झडप लावली. बायका घाईत करतात ही चूक. निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, नुसतं डोकं जड होतं. तिला गरगरायला लागलं, पोर मलूल पडली, तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती दाराकडे धावली. दार हलेना. खांदा मारला, लाथ मारली. चौकट वरच्या सगळ्या भिंतीचं ओझं घेऊन वाकली होती आणि तिने दार दाढेत धरावं तसं धरलं होतं. शेवटी उस्तीन्याने चुलीतली सळई घेऊन खिडकीची दुहेरी काच फोडली आणि दुपट्यात गुंडाळलेली पोर बाहेर धरून ती हाका मारत राहिली. सावेली तबेल्यातून बर्फावरची घसरगाडी घेऊन येत होता. त्याने पोर झेलली, कोटात घातली, मग सुनेला खिडकीतून ओढून काढलं.

झोसिमा परतला तो वेशीवरच त्याला बातमी कळली. सामान तिथेच टाकून तो धावत सुटला. त्या वयात, बर्फात.

दार त्याने ढकललं तर एका बोटाने उघडलं.

उस्तीन्या चुलीपाशी होती, ग्लाशा पाळण्यात. खिडकीला नवी काच होती. "बाबा, घाबरू नका, आम्ही बऱ्या आहोत," ती म्हणाली. "मामंजींच्या हातून उंबऱ्यावर पाण्याची बादली सांडली होती म्हणे. बर्फ झाला आणि दार धरलं. ते स्वतःच सगळ्यांना सांगतायत, बिचारे. मी दोन दिवस शेजारी होते तेवढ्यात त्यांनी बर्फ फोडला, काच बसवली, सगळं केलं."

"बर्फ," झोसिमा म्हणाला.

उस्तीन्या पाणी आणायला गेली. झोसिमाने बाकावर चढून दाराच्या वरची नक्षीची पट्टी हलकेच उचकटली. खिळे जुन्याच भोकांत परत ठोकलेले होते, एकही वाकडा नाही. पट्टीमागे ताजा, मऊ ताग. त्याने तो बाहेर ओढला. वरच्या ओंडक्याचं पोट छिन्नीने तासून काढलेलं होतं, बारीक, शांत घावांनी, आणि प्रत्येक घाव उजवीकडून डावीकडे गेलेला. असे घाव अख्ख्या पोद्बोरमध्ये एकच हात घालतो. झोसिमाने आपला हात फटीत घातला. चार बोटं बरोबर बसली. बाजूला जिथे उस्तीन्याने चिंधी कोंबली होती तिथे आता चिंधी नव्हती. सुटलेले ओंडके खाली येऊन एकमेकांना टेकले होते.

तो बाकावर उभा राहिला, हात फटीतच. त्याला रडू आलं नाही. नुसती लाज वाटली, इतकी की खाली उतरून पाळण्याकडे बघण्याची त्याला हिंमत होईना. बर्फाचं ते खोटं सावेलीने कुणासाठी रचलं होतं? स्वतःच्या डोक्यावर आणखी एक बावळटपणा ओढून घेऊन? गाव तर म्हणतच होतं, काडीवाल्याला भिंत बांधता येत नाही, आता बादलीही धरता येत नाही.

तिथून पुढे झोसिमाने तबेल्याचा रस्ता टाकला. दुकानात जायचं तर नदीवरून वळसा घालून जायचा. सावेली समोर आलाच तर "काय व्याही, कसा आहेस?" म्हणायचा, नेहमीसारखं, आणि झोसिमा "बरा आहे" म्हणून खाली बघायचा. कुणाच्या भिंतीला त्याचा अंगठा लागेना. आगाफ्याच्या ते लक्षात आलं. "तब्येत दाखवून घे," ती म्हणाली. "परवा मालान्याच्या वाकड्या भिंतीजवळून तू मुकाट्याने गेलास. मला भीती वाटते."

नदीवरचा बर्फ फुटून वाहून गेला आणि ग्लाशाच्या नामदिनाला, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणाला, क्लिमने गाव बोलावलं. अंगणात टेबलं मांडली. माशाचे रोट, खारवलेल्या अळंब्या, बीअर. सावेली नातीला मांडीवर घेऊन कडेला बसला होता. मालान्याने दोन भांडी रिचवली आणि उठून दाराशी गेली. ते उघडून मिटून दाखवत म्हणाली:

"बघा रे, हे झोसिमाकाकाचं दार! म्हणाला होता ना, केसभर हलायचं नाही? हललं का? लोण्यासारखं उघडतं! आणि या काडीवाल्याने असलं दारसुद्धा बादली ओतून बंद करून दाखवलं. हाताला गुण लागतो बाई!"

हशा झाला. तोच हशा, तेच अंगण म्हणा, फक्त घर दुसरं. सावेलीही हसला आणि ग्लाशाच्या तोंडात रोटाचा तुकडा घालू लागला.

झोसिमा उठला. त्याने शेडमधून सळई आणली, बाक ओढला, वर चढला. "अहो बाबा, काय करताय?" उस्तीन्या म्हणाली. त्याने नक्षीची पट्टी खडाखड उपटली, ताग ओढून सगळ्यांसमोर फेकला.

"बघा!" तो ओरडला. "सगळे बघा! बर्फाने धरलं नव्हतं दार. मी धरलं होतं! सावेली म्हणाला चार बोटं ठेव, म्हणून मी एकच ठेवलं. तो म्हणाला म्हणूनच! माझी लेक, माझी नात आत गुदमरून मेली असती माझ्या अकडीपायी. आणि हे लाकूड कुणी कापलंय बघा, डाव्या हाताचे घाव आहेत. काडीवाला म्हणता त्याला? मला म्हणा! थुंका माझ्यावर!"

कुणी हसलं नाही. क्लिमचा चेहरा पांढरा पडला. उस्तीन्या डोक्याच्या रुमालाने तोंड झाकून बापाकडे अशी बघायला लागली, जशी याआधी कधी बघितली नव्हती. मालान्या दारापासून मागे सरकली. झोसिमा बाकावर उभा राहून धापा टाकत होता, आणि लाजेच्या आत कुठेतरी त्याला हलकं वाटायला लागलं होतं. त्याने सावेलीकडे पाहिलं.

सावेली मानेपासून कपाळापर्यंत लाल झाला होता. अगदी तसाच.

त्याने नातीला क्लिमच्या हातात दिलं. "बीअर ओत लोकांना," मुलाला म्हणाला. "पोरीचा सण आहे." मग तो हातोडी घेऊन दाराशी आला. लोक खाली मान घालून भांड्यांत बघायला लागले, कुणीतरी मुद्दाम मोठ्याने पुराच्या पाण्याची गोष्ट काढली.

"उतर खाली," सावेली हळू आवाजात म्हणाला.

झोसिमा उतरला. "सावेली, मी सगळ्यांसमोर..."

"ते दिसलं मला. सगळ्यांना दिसलं." सावेली खाली वाकून ताग गोळा करत होता. "क्लिम आता तुझ्याकडे कसा बघणार? उस्तीन्या? तिला रोज या दारातून जायचंय. मी ते लाकूड कापलं ते दार उघडावं म्हणून. तुझी अब्रू राखायला नाही आणि तुला उघडं पाडायलाही नाही. आज पोरीचा सण होता, आणि मधोमध पुन्हा तूच उभा."

"मग मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला?"

"तबेल्यात यायचं होतंस. मी रोज तिथेच असतो. दोघांत बोललो असतो, संपलं असतं." सावेलीने ताग नीट विंचरून फटीत भरला, अंगठ्याने दाबला. मग पाठमोराच म्हणाला, "तेव्हाही तसंच, झोसिमा. काडी उचलायच्या आधी माझ्या कानात सांगितलं असतंस, तर मी त्याच दिवशी सांधा उसवून परत बसवला असता. चांगला बसवला असता. मला येत होतं ते काम."

सावेलीने पट्टी त्याच्या हातात दिली आणि तो टेबलाकडे नातीपाशी निघून गेला. झोसिमाने बाकावर चढून पट्टी जागेवर धरली. खिळे जुन्याच भोकांत गेले, ठोकायला फारसा जोर लागला नाही.